आखडलेल्या हातांची भाषा

जेवणं आटोपली की नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत एक शांतता उतरते. खाली रस्त्यावर स्कूटर, रिक्षा, भंगारवाले सगळे असतात, पण दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचा आवाज ओला कपडा वाळावा तसा हलका होऊन जातो. मी आरामखुर्ची दारात घेऊन बसते. समोरच्या ब्लॉकचं दारही उघडं असतं. आत पंख्याखाली दोन माणसं समोरासमोर बसून मनसोक्त गप्पा मारत असतात आणि आवाज कसलाच नसतो. हात वर येतात, वळतात, एकमेकांजवळ जातात, पुन्हा मांडीवर उतरतात. पडद्याच्या फटीतून ऊन आलं की त्यांच्या सावल्या भिंतीवर माशांसारख्या फिरतात. त्या बघता बघता मला कितीदा डुलकी लागली आहे, आणि डुलकीतही त्या गप्पा चालूच राहिल्या आहेत.

ती नीरजा आणि तिचा नवरा श्यामसुंदर. दोघंही जन्मापासून बहिरे. श्यामसुंदर हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर होता. नीरजा एका विमा कंपनीत होती, तीही तक्रार विभागात. "मला ऐकू येत नाही म्हणून तिथे घेतलं," असं ती सांगते. "बाकीच्यांना ऐकू येत होतं, पण कामात फारसा फरक नव्हता."

तिचं बोलणं मला कळतं, याचं श्रेय माझ्या कॉन्व्हेंटला. सिस्टर फळ्याकडे वळल्या की आम्ही मुली बाकाखाली बोटांनी इंग्रजी अक्षरं करून गप्पा मारायचो. दोन्ही हातांची ती अक्षरं मुळात बहिऱ्यांची आहेत, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं? नीरजा नवीन राहायला आली, तेव्हा वाटी काखेत धरून दारात उभी राहिली आणि मला समजेल अशी आशा नसतानाही तिने बोटांनी 'साखर' असं लिहिलं. मी बोटांनीच विचारलं, 'किती?' तिच्या काखेतली वाटी पडली. तिथून आमची मैत्री. पुढे तिने मला खऱ्या खुणा शिकवल्या, पण मी त्या करते तशा तिला फारशा पसंत नाहीत. तिच्या खुणांत अहो-जाहो नसतं. लिहिताना ते मी घालते, कारण तिच्या भुवयांत ते असतं.

लहानपणी तिच्या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. ओठ बघायचे आणि घशातून आवाज काढायचा. बाई तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवायच्या, म्हणजे आवाज कसा थरथरतो ते कळावं. मुलींनी खुणा केल्याच, तर स्वतःच्या तळहातांवर बसायला लावायच्या. इतक्या कष्टाने मिळवलेला तो जाड, खरबरीत आवाज नीरजा आता फक्त खिडकीतल्या कावळ्यांना हाकलायला वापरते. बाकी सगळं आयुष्य तिने हातांनीच बोलून काढलं: लग्न, भांडणं, मुलीला रागावणं, नवऱ्याला टोमणे.

मुलीचं नाव शेफाली. तिला ऐकू येतं, पण तिची पहिली भाषा हातांचीच. तिचा नवरा रोहन. त्याला 'जेवलो', 'पोट भरलं' आणि 'येतो' एवढ्या खुणा येतात. "जावयाला आणखी काय लागतं?" हे नीरजाचं मत. दोघं हडपसरच्या एका आयटी कंपनीत होते, त्यामुळे त्यांची मुलगी अवनी दिवसभर आजी-आजोबांकडे असायची. दीड वर्षाची, गालावर खळी, पायांत घुंगरांचे वाळे. त्या वाळ्यांचा आवाज घरात फक्त तिलाच ऐकू येई.

त्या वर्षी रोहनला आयर्लंडमध्ये नोकरी मिळाली. आमच्या सिस्टर ज्या देशातून आल्या होत्या, त्याच देशात. दिवाळी झाली की तिघंही जाणार होते. मी म्हटलं, बरं झालं, हल्ली रोज फोनवर भेटता येतं. नीरजाने मान हलवली.

"इतर आज्या फोनवर बोलतात," ती म्हणाली. "मला स्क्रीनवर हात दाखवायचे आहेत. अवनीला हात वाचता आले, तर मी तिची आजी. नाही आले, तर मी हलणारा फोटो."

म्हणून दिवाळीपर्यंत तिला शिकवायचं, असं तिने ठरवलं होतं. मुलीला 'दूध' येत होतं, 'कावळा' येत होता. 'पुरे' तर फारच चांगलं येत होतं.

शिकवण्याची जागा होती गच्ची. सकाळचं ऊन थोडं चढलं की आजी-नात वर जात. तिथे घारी दिसत, लांबवर पर्वती दिसे, आणि निळं पिंप होतं. आमच्या इमारतीत सगळ्यांचे गणपती शाडूच्या मातीचे असतात. नदीत कशाला, म्हणून काही वर्षांपासून आम्ही सगळे त्या एकाच पिंपात विसर्जन करतो. मूर्ती हळूहळू विरघळते, माती तळाशी बसते. मग पाणी झाडांना घालायचं आणि माती कुंड्यांत. ते पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, हा नेम. पण त्या वर्षी पाऊस हटायला तयार नव्हता. कुंड्याच डबडबलेल्या, त्यांना आणखी पाणी कोण घालणार? तेव्हा आमचे सचिव वैजनाथ यांनी पिंपावर पाटी लावली: 'हे बाप्पाचे पाणी आहे. यात हात घालू नये, फडकी धुऊ नयेत, परस्पर ओतून टाकू नये. निर्णय समिती घेईल.'

पुण्यात पाटी वाचून माणूस हमखास उलटं वागतो. ही एक पाटी मात्र सगळ्यांनी पाळली. समितीची बैठक पितृपक्षात नको म्हणून पुढे गेली. पिंप तसंच राहिलं. पाणी निवळून आरशासारखं झालं होतं. त्यात ढग दिसत, अवनीला स्वतःचं तोंड दिसे, आणि नीरजा त्याच्या काठाशी बसून तिला शिकवी: ढग, आभाळ, पक्षी. मी एकदा वर गेले होते तेव्हा दोघींची प्रतिबिंबं त्या पाण्यात बोलत होती. आपण वर आहोत की खाली, हे क्षणभर मलाच कळेना.

शहरात तेव्हा चिकुनगुन्याची साथ होती. माझ्या येरवड्याच्या भाचीकडे सगळं घर तापाने झोपलं होतं. आमच्याकडे प्रथम तिसऱ्या मजल्यावरचा राजस तापला. तो भिंत धरून जिना उतरायचा, तर वैजनाथ म्हणाले, "काय हो, ऐन पंचविशीत आमच्याशी स्पर्धा?" सगळे हसले. राजसही हसला, पण पायरीवर बसूनच.

मग पाऊस ओसरल्यावर, नवरात्रात एका सकाळी श्यामसुंदरने माझं दार दोन्ही हातांनी बडवलं. नीरजाच्या हातून चहाचा कप पडला होता. तो उचलायला ती वाकली आणि तिथेच राहिली. अंग तव्यासारखं तापलेलं. मनगटं, बोटं, घोटे सुजलेले. शेफाली धावत आली आणि आमच्या गल्लीतल्या डॉक्टर केयूरांना घेऊनच आली. रक्त तपासलं. डेंग्यू नव्हता, चिकुनगुन्या होता.

"याला मारणारं असं औषध नाही," डॉक्टर म्हणाले. "तापाची गोळी, भरपूर पाणी आणि विश्रांती. आपल्या मनाने दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. ताप थोड्या दिवसांत उतरेल. सांध्यांचं मात्र सांगता येत नाही. काहींना आठवडे लागतात, काहींना कितीतरी महिने. नाक काळवंडलं तर घाबरू नका, तेही या साथीत दिसतंय. आणि हातांना पूर्ण आराम द्या."

शेफाली सगळं आईला खुणांनी सांगत होती. शेवटच्या वाक्याला ती थांबली.

"सांगा ना," डॉक्टर म्हणाले.

"काय सांगू, डॉक्टर? तिला सांगू, की आई, आता गप्प बस?"

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गुंडाळला, पुन्हा उलगडला आणि विचारलं, "घरात, गच्चीवर कुठे पाणी साठलंय का? हा दिवसा चावणारा डास. स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि फार लांब उडत नाही. तापलेल्या माणसाला चावतो, मग पुढे दुसऱ्याला. नात वाचली हे नशीब म्हणायचं."

श्यामसुंदर त्यांच्या ओठांकडे बघत होता. 'गच्ची' एवढं त्याला कळलं. तो उठला. मी त्याच्या मागे आणि जिन्यात भेटलेले वैजनाथ माझ्या मागे.

पिंपातलं आभाळ हलत होतं. वाकून पाहिलं तर बारीक बारीक अळ्या स्वल्पविरामासारख्या वळत, वर येत, खाली जात होत्या. इतकी नाजूक लिपी मी कधी पाहिली नाही. श्यामसुंदरने पिंपाला हात घातला.

"अहो, अहो! बाप्पाचं पाणी ते, गटारात?" वैजनाथ ओरडले. मग ओरडून उपयोग नाही हे लक्षात येऊन माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही सांगा त्यांना."

"गटारात नाही, गच्चीवरच ओततो आहे," मी म्हटलं. "उन्हात वाळेल. आणि सांगायचंच, तर मी तुम्हाला सांगेन."

श्यामसुंदरने आधी पाटी काढली आणि वैजनाथांच्या हातात दिली. मग पिंप सावकाश कलतं केलं. पाणी तापलेल्या फरशीवर पसरलं, चमकलं आणि बघता बघता कडेकडेने नाहीसं होऊ लागलं. "निदान नमस्कार तरी करू द्या," म्हणून वैजनाथांनी पाटी काखेत धरून हात जोडले. तळाची माती त्यांनीच ओंजळीने कुंड्यांत भरली. त्यांची बायकोही दोन दिवसांनी तापली.

तापातली नीरजा मी पाहिली ती दुपारच्या वेळची. श्यामसुंदर थोडा पडायला जाई, मी पलंगाशी बसे. पंख्याचं पातं फिरे, पडदा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होई. तिचे हात पांघरुणावर उताणे पडलेले असत, आल्याच्या गड्ड्यांसारखे. मधूनच एखादं बोट हले आणि तिचा चेहरा आक्रसे. झोपेतही ती बोलत होती आणि बोलणं दुखत होतं. ताप उतरल्यावर कधीतरी तिने मला त्या दिवसांतलं स्वप्न सांगितलं, फार हळू, अर्धं चेहऱ्याने, अर्धं मनगटाने. ती पिंपाच्या तळाशी बसली होती. वरून सगळ्यांचे गणपती एकेक करून उतरत होते, विरघळत होते. आधी सोंड, मग पोट, हात सगळ्यांत शेवटी. ते हात तिला काहीतरी सांगत होते आणि बोटांची माती सुटत चालली होती.

"चार-चार हात," ती म्हणाली, "आणि एक शब्द समजेना. मी म्हटलं, बाप्पा, जरा स्पष्ट बोल."

ताप गेला, अंगावरचं पुरळ गेलं, नाकावरचा काळा डाग मात्र शाईसारखा राहिला. आणि हात आखडलेलेच राहिले. मुठी धड मिटत नव्हत्या, धड उघडत नव्हत्या. सकाळी तर पेला धरणंही अशक्य. तिची सगळी भाषा जाड झाली. श्यामसुंदर डोळे बारीक करून बघे आणि शेवटी म्हणे, "तोंडात पोळी घेऊन बोलू नकोस." ती भुवई उचले. त्या भुवईचा अर्थ मी इथे लिहीत नाही.

पण अवनीला कोण थांबवणार? तिचे शब्द फुटायचे दिवस होते. आजीचे हात काही सांगेनासे झाले, तशी ती आवाजाकडे वळली. रोहनने तिच्यासाठी टीव्हीवर गाणी लावून दिली. ती 'बाबा' म्हणाली, 'बस' म्हणाली. मग एका दुपारी नीरजा खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि अवनी तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"आजी," ती म्हणाली.

नीरजा बाहेर बघत होती.

"आजी. आजी!"

दारातून मी बघत होते. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली. मग रडलीही नाही. वळली आणि वाळे वाजवत टीव्हीकडे निघून गेली. नीरजा वळली तेव्हा माझा चेहरा तिला दिसला. "काय झालं?" तिने मानेने विचारलं.

मी बोटांनी एकेक अक्षर केलं. 'ती तुला हाक मारत होती. तोंडाने.'

मग तिने मान उंच केली आणि शाळेतला तो जुना आवाज घशातून ओढून काढला, "आऽव्नी." अवनी दचकली. लगेच आनंदाने खिडकीशी धावली आणि कावळा शोधू लागली.

मी हसले. नीरजाने विचारलं, का? सांगितल्यावर तीही हसली, पण त्यानंतर तिने मला हातानेच जायला सांगितलं. दार लावून घेतलं. तेवढी एकच दुपार मी ते दार बंद पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तू बरी होईपर्यंत मी शिकवते तिला. तू नुसतं सांग."

"तुमच्या खुणा म्हणजे सरकारी पत्र," ती म्हणाली. "पोरीला भाषा शिकवायची आहे, अर्ज करायला नाही."

बोटं मोकळी व्हायला डॉक्टरांनी कोमट पाण्यात व्यायाम सांगितला होता. शेफाली ऑफिसला जाण्याआधी पितळी परात भरून ठेवी. नीरजा जमिनीवर बसून हात त्यात सोडून बसे. पाण्याखाली बोटं थोडी हलत. अवनीला पाण्याजवळ बोलवावं लागत नाही. तीही येऊन बसे आणि आपले हात आजीच्या हातांशेजारी बुडवी. मग त्या दोघी तिथेच रमत. वर ऊन, खाली पितळेचा पिवळा उजेड, मधल्या पाण्यात चार हात. नीरजा काय शिकवत असेल ते दारातून मला नीट दिसत नसे. एकदा जवळ गेले तेव्हा ती 'फूल' करत होती. मूठ मिटायची आणि बोटं उमलू द्यायची. तिची मूठ पुरती मिटत नव्हती आणि बोटं अर्ध्या वाटेवर थांबत होती. वाकडी, थरथरती. दुखत असणार. ती पुन्हा करी. अवनी फूल बघत नव्हती, पाण्यात हलणाऱ्या रेघा पकडत होती.

"काही उत्तर देते का?" मी विचारलं.

"माझ्या अंगावर पाणी उडवते," नीरजा म्हणाली. "तेही बोलणंच आहे."

दिवाळी आली. फराळाला तिने हात लावला नाही, पण श्यामसुंदरच्या चकल्यांवर नाक मुरडण्याइतकी तब्येत सुधारली होती. "सगळ्या चकल्यांना चिकुनगुन्या झालाय," ती म्हणाली, आणि हे वाक्य तिला जमलं म्हणून आम्ही सगळे चकलीपेक्षा त्यावरच खूष झालो. अवनी अजूनही आजीशी हातांनी बोलत नव्हती. 'दूध', 'कावळा', 'पुरे' हेही मागे पडत चाललं होतं, कारण तोंडाने मागितलं की लवकर मिळे.

निघायच्या दिवशी ती रोहनच्या खांद्यावर झोपली होती. शेफाली आणि आई बराच वेळ बोलल्या. मी तिकडे बघितलं नाही. त्यांच्या भाषेत ऐकू न येण्याचा तोच एक मार्ग. गाडी गेल्यावर नीरजा जिना चढली, दर पायरीला दोन्ही पाय टेकवत, राजस चढायचा तशी. वर आल्यावर तिने मला इतकंच सांगितलं, "गेली. झोपेतच गेली."

मग फोन सुरू झाले. त्यांची सकाळ ती आमची दुपार. श्यामसुंदर फोन डब्याला टेकवून उभा करी. शेफाली बोले, हात भरभर चालत. अवनी मागून इकडून तिकडे पळे, कधी कॅमेऱ्याला नाक लावी, कधी 'हाय' म्हणून निघून जाई. नीरजाचे हात आता सुधारत होते. उजवा जवळजवळ मोकळा झाला होता, डावा सकाळी अजून हट्ट धरायचा. ती सुंदर, स्वच्छ खुणा करी. मुलगी त्यांच्याकडे घरातल्या पंख्याकडे बघावं तशी बघे.

त्या दिवशी मी तिथेच होते, लिंबाचं लोणचं द्यायला गेले होते. शेफालीने नवीन पडदे दाखवायला फोन फिरवला. बाहेर करडं आभाळ होतं, झाडांवर पानही नव्हतं, आणि पडद्यावर मोठाली तांबडी फुलं. अवनी पडद्याशी उभी होती. तिने एका फुलावर हात ठेवला. मग फोनकडे वळली, सरळ आत बघितलं आणि हात वर केला. मूठ अर्धवट मिटली. बोटं उमलायला लागली आणि अर्ध्या वाटेवर थांबली. वाकडी, जरा थरथरती. आजीकडे बघत ती तशीच थांबली.

शेफालीने फोन फिरवायचा थांबवला आणि अवनीवरच धरला.

श्यामसुंदरला आधी काहीच समजलं नाही. मग तो उजळला आणि लगेच नेहमीसारखं त्याला दुरुस्तीचं सुचलं. "शेफालीला सांग," तो म्हणाला, "पूर्ण उघडायला शिकव. बोटं सरळ. हे कसलं फूल?"

"नको," नीरजा म्हणाली.

"चुकीचं शिकेल."

"मला कळलं ना? मग बरोबर आहे. तू मध्ये येऊ नकोस, आम्ही बोलतोय."

तिने त्याला कोपराने बाजूला केलं, फोनसमोर सरकून बसली आणि आपला बरा झालेला उजवा हात वर धरला. तो आता पुरता उघडत होता. तिने बोटं वाकवली, मूठ अर्धवटच मिटली आणि फूल अर्ध्या वाटेपर्यंत उमलू दिलं.